देवळाचं पंचांग आणि वसईचा पाऊस

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलण्यातलं पाल्हाळ थोडं छाटलंय, बाकी तसंच आहे.

आजचा विषय आहे वसईतल्या ख्रिस्ती माणसाचं वर्ष. डिसेंबर लागला की वसई पश्चिमेला फोटो काढायला गर्दी होते. चांदण्या, गोठे, रोषणाई. ते छानच असतं, पण त्यावरून असं वाटतं की आमचा धर्म म्हणजे पंचवीस डिसेंबर आणि फार तर गुड फ्रायडे. प्रत्यक्षात चर्चचं वर्ष बारा महिने चालतं, आणि वसईत ते शेत, विहीर आणि होडी यांच्यासोबत चालत आलंय. हे पंचांग मुळात इथलं नव्हतं. मग ते इथलं झालं कसं? आणि आता शेतच उरलं नाही तर त्याचं काय होणार? आज या दोन प्रश्नांवर बोलू.

पंचांग आलं कुठून?

डिसेंबर 1534 मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. किल्ला उभा राहिला, त्यात चर्च आणि मठ आले, फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरू आले. सेंट फ्रान्सिस झेवियर स्वतः वसईत येऊन गेला. हा इतिहास सगळा गोड नाही, हे आधीच सांगून टाकतो. देवळं पाडली गेली, दबाव आणि आमिष दोन्ही वापरलं गेलं. 1560 साली गोव्यात सुरू झालेल्या इन्क्विझिशनचा अंमल वसईपर्यंत पोचत होता. आपण आज ज्या श्रद्धेबद्दल बोलतोय तिची सुरुवात अशी आहे, ती झाकून पुढे जाण्यात अर्थ नाही.

तर या लोकांबरोबर एक कॅलेंडर आलं. ते घडलं होतं भूमध्य समुद्राच्या काठी. तिथे ईस्टर म्हणजे वसंत, थंडी संपून झाडांना पालवी फुटण्याचा काळ. आपल्याकडे त्याच दिवसांत विहिरी खाली जातात आणि उकाड्याने जीव नकोसा होतो. म्हणजे सण तेच, ऋतू वेगळे.

ईस्टरचा हिशोब

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो, थोडं सहन करा. नाताळाची तारीख पक्की असते, ईस्टरची दरवर्षी बदलते. नियम साधा आहे: 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यायची, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो. 1582 मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी कॅलेंडर सुधारलं, 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर आणला, त्यामागे ईस्टर पुन्हा जागेवर आणणं हेच मोठं कारण होतं.

आता हा नियम आपल्या पंचांगाशेजारी ठेवा. ती पौर्णिमा बहुतेक वेळा एकतर होळीची असते, नाहीतर चैत्री, म्हणजे हनुमान जयंतीची. 2024 मध्ये होळीनंतरच्या रविवारी, 31 मार्चला ईस्टर आला. 2025 मध्ये हनुमान जयंती 12 एप्रिलला होती, ईस्टर 20 तारखेला. ज्या गावात तिथी सगळ्यांना ठाऊक असते, तिथे हे कॅलेंडर फार परकं वाटलं नसणार. चंद्र दोघांचा एकच.

हिरवा झगा, हिरवं शेत

ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागते, धर्मगुरूंचा झगा जांभळा होतो. वसईत हा काळ साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतो. पाणी जपून वापरायचे दिवस. खाण्यापिण्यावर ताबा ठेवायला चर्च सांगतं, आणि विहीरही तेच सांगत असते.

ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याचा सण. तो 10 मे ते 13 जून यांच्या दरम्यान पडतो, म्हणजे आगोटीच्या दिवसांत. लाकडं आत घ्या, छप्पर शाकारा, मीठ-मसाला-सुकी मासळी भरून ठेवा, अशी घाई चालू असताना हा सण येतो. आणि तो झाला की चर्चमध्ये लांबलचक सामान्यकाळ सुरू होतो. या काळात झग्याचा रंग हिरवा असतो. रोममध्ये हा नियम ठरवणाऱ्यांच्या डोक्यात आपलं भात नव्हतं, हे उघड आहे. पण वसईच्या धर्मग्रामात जून ते नोव्हेंबर वेदीवर हिरवं आणि दाराबाहेर हिरवं, असा योग दरवर्षी जुळत आला.

पावसाळ्यात सण संपत नाहीत. 29 जूनला संत पीटर आणि संत पॉल यांचा सण. पीटर स्वतः मच्छीमार, त्यामुळे कोळीवाड्याला तो जवळचा. त्या वेळी होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. आता तर 1 जून ते 31 जुलै मासेमारीला सरकारी बंदीच असते. पुन्हा समुद्रात जायची वेळ आली की ख्रिस्ती कोळी फादरांना बोलावून होड्यांवर आशीर्वाद मागतात. शेजारचा हिंदू कोळी त्याच सुमारास समुद्राला नारळ देतो. भीती दोघांची एकच, परत येण्याची आशाही एकच.

15 ऑगस्टला मारियेचं स्वर्गारोहण, त्यामुळे स्वातंत्र्यदिनाला आमच्याकडे मिस्सासुद्धा असते. 8 सप्टेंबरला मारियेचा जन्मदिन. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, मुंबई ते वसई या पट्ट्यातल्या ख्रिस्ती समाजात आगेरा: नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये न्यायच्या, त्यांच्यावर आशीर्वाद घ्यायचा. 2 नोव्हेंबरला मृतांचा दिवस, दफनभूमीत मेणबत्त्या लागतात. आणि कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा सुरू होते. ती शंकराचार्यांच्या देवस्थानाची, पण सुकेळी आणि सुकी मासळी घ्यायला ख्रिस्ती घरातली माणसंही तितक्याच हौसेने जातात. त्यानंतर आगमनकाळ, आणि आपण पुन्हा नाताळावर.

1739: राज्य गेलं, वर्ष राहिलं

मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. हा प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या चर्चच्या घंटा ठिकठिकाणच्या मंदिरांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा आणि भीमाशंकरची घंटा या त्यातल्या प्रसिद्ध. किल्ल्यातली चर्च ओस पडली, आज तिथे प्री-वेडिंग शूट चालतात.

मला त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पोर्तुगीज अधिकारी गेले, युरोपियन धर्मगुरू गेले. मागे राहिले ते शेतकरी, कोळी, बागायतदार. तहात त्यांना धर्म पाळायची मुभा होती, पण पाठीशी आता राज्य नव्हतं. उलट पूर्वीच्या धर्मात परत या, असं सांगणारेही होते, आणि काही कुटुंबं गेलीही. जे राहिले त्यांची काळजी गोव्याहून आलेल्या देशी पाद्रींनी घेतली, आणि बाकीचं काम घरांनी केलं. संध्याकाळची जपमाळ, वाडीच्या नाक्यावरचा क्रूस, घराघरांत पाठ असलेल्या प्रार्थना. सत्तेबरोबर आलेला धर्म सत्ता गेल्यावर कसा टिकला, याचं माझं उत्तर हे आहे: तोपर्यंत तो पेरणी-कापणीत इतका मिसळला होता की वर्ष मोजायला दुसरी पद्धत उरली नव्हती. जुनी माणसं चर्चला आजही ‘देऊळ’ म्हणतात, ते उगाच नाही.

लॅटिन मिस्सा, मराठी शेजार

गंमत अशी की घरात सामवेदी, वाडवळी नाहीतर कोळी बोली आणि मिस्सा मात्र लॅटिनमध्ये, असं चारशेहून अधिक वर्षं चाललं. फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्येच गोव्यात रायतूरला छापलं गेलं होतं, तरी वेदीवरची भाषा बदलायला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची वाट पाहावी लागली. 1963 मध्ये परिषदेने लोकभाषांना दार उघडलं, आणि वसईने मराठी निवडली. 1998 मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पहिले बिशप थॉमस डाबरे यांचा अभ्यास तुकारामांच्या ईश्वरानुभवावर होता. आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. या ओळीत बसणारी आणखी एक गोष्ट सांगतो: 1918 मध्ये इथल्या कॅथलिक समाजाने सहकारी तत्त्वावर उभी केलेली बॅसिन कॅथलिक बँक. धर्मग्राम म्हणजे फक्त रविवारची मिस्सा नव्हे, एकमेकांच्या कर्जाला जामीन राहणारी माणसंसुद्धा.

मग आता काय?

1980च्या दशकाच्या शेवटी वसईतल्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून बाहेर जाऊ लागलं, आणि जमिनींवर बिल्डरांची नजर पडली. फादर दिब्रिटो ‘हरित वसई’ची चळवळ घेऊन रस्त्यावर उतरले. धर्मगुरूने पाण्यात का पडावं, असं तेव्हा विचारलं गेलं. वरचं सगळं वाचल्यावर तुम्हीच सांगा, वसईच्या धर्मगुरूने आणखी कशात पडायचं? उपवासकाळ, आगेरा, होड्यांचा आशीर्वाद, सगळं पाण्यावरच तर उभं आहे.

चळवळीने बरंच वाचवलं, सगळं नाही. 2009 मध्ये महानगरपालिका आली, पश्चिमेच्या गावांनी तिला जोरदार विरोध केला. 2011 च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. जुलै 2018 मध्ये रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, घरांत पाणी आलं. पाऊस तोच होता, पाणी जिरवणारी खाजणं आणि शेतं कमी झाली होती.

माझ्या पिढीतले बहुतेकजण अंधेरी, बीकेसी, ऐरोलीला जातात. आमचं वर्ष रिलीज आणि अप्रेझलवर चालतं. आगेऱ्याला लोंब्या कुणाच्या तरी शेतातून मागून आणाव्या लागतात. काही जण म्हणतात, आता हे नाटक झालं, बंद करा. मला तसं वाटत नाही. हे पंचांग परक्या ऋतूतून आलं होतं. ते वसईच्या मातीला बांधलं ते इथल्या माणसांनी, हाताने काम करून. ते पुन्हा बांधता येईल, फक्त नुसत्या मिरवणुकीने नाही. उपवासकाळात धर्मग्रामातली एक विहीर उपसून साफ करा. पवित्र आत्म्याच्या सणाआधी गावचे नाले आणि तळी बघा. मोठं काही नाही, पण त्यामुळे सणाला पुन्हा काम मिळतं.

आणि एक विनंती, ख्रिस्ती असाल किंवा नसाल. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर फोनवर रेकॉर्डिंग चालू करून विचारा: कोणत्या सणापर्यंत पेरणी आटपायची? विहिरीचं पाणी कधी तळाला जायचं? होडी कोणत्या दिवशी पाण्यात घालायची? ही माहिती कुठल्याच चर्चच्या वहीत नाही, या माणसांच्याच तोंडी आहे. काही मिळालं तर आम्हाला पाठवा, बोलीत असेल तर बोलीतच पाठवा. पुढच्या एखाद्या भागात ते सगळ्यांना ऐकवू.

भेटू पुढच्या भागात.