घरातील हवेची मोजणी आणि तापीचे खोरे

तापीच्या खोऱ्यातील बऱ्हाणपूर परिसरात जुन्या धाब्याच्या घरांत चुलीचा धूर झरोक्यातून हळूहळू बाहेर पडे, आणि तुळयांवर साचलेली काजळी हीच त्या हवेची एकमेव नोंद असे. रेडॉन मात्र कसलीच खूण ठेवत नाही. दगडमातीतील युरेनियमच्या ऱ्हासातून निर्माण होणारा हा किरणोत्सारी वायू वर्णहीन व गंधहीन असून, त्याचे अस्तित्व विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर प्रयोगशाळेत उमगले. घरांसाठी तो चिंतेचा विषय ठरला तो १९८४ मध्ये, जेव्हा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात एका अणुऊर्जा कर्मचाऱ्याच्या घरात त्याचे प्रचंड प्रमाण आढळले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घनमीटरमागे १०० बेकरेल, म्हणजे दर सेकंदाला शंभर अणूंचा ऱ्हास, ही संदर्भपातळी सुचवली.

तापीच्या खोऱ्यात गाळाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे, आणि ग्रॅनाइटच्या तुलनेत त्यात युरेनियम बरेच कमी असते. म्हणून येथील कुटुंबाने केवळ रेडॉनच्या धास्तीने तो मोजणारे महागडे यंत्र घेण्याचे सबळ कारण दिसत नाही. शंका असल्यास काही महिने घरात ठेवून नंतर प्रयोगशाळेत तपासली जाणारी शोधक फिल्म अधिक विश्वसनीय, कारण रेडॉनचे प्रमाण ऋतूनुसार आणि दारे-खिडक्यांच्या उघडझापीनुसार बदलते. सूक्ष्म धूलिकण मोजणाऱ्या यंत्राची गोष्ट वेगळी: २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतरही जेथे गॅसशेजारी चूल पेटते, तेथे ते यंत्र स्वयंपाकाच्या वेळी झपाट्याने चढणारा आकडा डोळ्यांसमोर आणते.