नेक्सकार१९

नेक्सकार१९ ही भारतात विकसित झालेली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती आहे. मुंबईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांनी ती विकसित केली. बी-पेशींचा लिम्फोमा किंवा ल्युकेमिया उलटल्यास अथवा प्रचलित उपचारांना दाद देत नसल्यास ती वापरतात.

कार्यपद्धती

रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी वेगळ्या काढून त्यांत प्रयोगशाळेत जनुकीय बदल केला जातो. शिरेवाटे परत दिल्यावर त्या पेशी बी-पेशींवरील सीडी१९ हे प्रथिन ओळखून कर्करोगपेशी नष्ट करतात. निरोगी बी-पेशींवरही हे प्रथिन असल्याने त्याही नष्ट होतात व संसर्गाचा धोका वाढतो.

चाचण्या व मान्यता

पहिल्या रुग्णावर ४ जून २०२१ रोजी टाटा स्मारक केंद्रात उपचार झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाने मान्यता दिली. पहिल्या दोन टप्प्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘द लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त प्रसिद्ध झाले, मूल्यमापन झालेल्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांना प्रतिसाद मिळाला. खर्च परदेशी उपचारांहून बराच कमी असला, तरी तो लाखांच्या घरात जातो.

मेंदूतील लिम्फोमा

हा लिम्फोमाही बहुधा बी-पेशींचाच असतो. त्यामुळे सीडी१९ला लक्ष्य करणाऱ्या कार-टी पेशींच्या प्राथमिक चाचण्या अमेरिकेत अशा रुग्णांवरही झाल्या आहेत.