लघवीतली साखर आणि कीटोन: दोन परीक्षानळ्यांची गोष्ट

“डॉक्टर, साखर तर तपासली, आता कीटोन वेगळे कशाला?” मधुमेहाचे रुग्ण हा प्रश्न नेहमी विचारतात. उत्तर शाळेतल्या रसायनशास्त्रात आहे.

ग्लुकोजमध्ये अल्डिहाइड गट असतो. मोरचुदाच्या अल्कलीयुक्त निळ्या द्रावणात ग्लुकोज उकळले, की तांब्याचे विटकरी ऑक्साइड तयार होते. अ‍ॅसिटोनसारखे साधे कीटोन हे करू शकत नाहीत. म्हणजे साखरेच्या या तपासणीत कीटोन दिसतच नाहीत.

जर्मनीतील हेरमान फॉन फेलिंग यांनी १८४०च्या दशकाच्या अखेरीस यावर आधारित तपासणी मांडली. पण त्यांची दोन द्रावणे वेगळी ठेवून आयत्या वेळी मिसळावी लागत. अमेरिकेतील स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी १९०८-०९च्या सुमारास तीव्र अल्कलीऐवजी सोडियम कार्बोनेट वापरून एकाच बाटलीत टिकणारे द्रावण केले. आमच्या एमबीबीएसच्या काळात ५ मिली बेनेडिक्टमध्ये ८ थेंब लघवी घालून आम्ही स्पिरिटच्या दिव्यावर उकळत असू. निळा रंग म्हणजे साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी म्हणजे चढत्या क्रमाने साखर जास्त.

कीटोनसाठी दुसरी परीक्षानळी लागे. १९०८ साली रोथेरा यांनी वर्णन केलेल्या पद्धतीत अमोनियम सल्फेट, नायट्रोप्रुसाइड आणि अमोनिया वापरत. जांभळे कडे दिसले, की आमच्या छातीत धस्स होई. इन्सुलिन फार कमी पडल्यामुळे शरीर चरबी जाळू लागले आहे आणि रक्तात आम्ल साचते आहे, अशी शंका त्यातून येई.

बेनेडिक्टचा दोष असा, की स्तनदा मातेच्या लघवीतल्या लॅक्टोजनेही रंग बदले. १९५६ साली अल्फ्रेड आणि हेलन फ्री या दांपत्याच्या संशोधनातून आलेल्या पट्टीने हा घोळ मिटवला. तिच्यातले विकर फक्त ग्लुकोज ओळखते. दिवा आणि नळी मागे पडली.

कीटोनच्या पट्टीत मात्र आजही तेच नायट्रोप्रुसाइड असते, आणि तिची एक उणीवही कायम आहे. या आजारात सर्वांत जास्त साचणारे बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट तिला दिसत नाही. ते रक्ताच्या तपासणीत कळते.

आणखी एक. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे लघवीत साखर दिसणारच. पण या गोळ्या घेणाऱ्यांत क्वचित रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन धोकादायक पातळीवर जातात.

म्हणून मधुमेह असताना उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास किंवा श्वासाला फळांसारखा वास जाणवला, तर ग्लुकोमीटरवरचा आकडा पाहून निर्धास्त राहू नका. इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. लगेच दवाखाना गाठा आणि कीटोन तपासायला सांगा.