गवळाऊ गाय आणि गरिबाचे ताक

दरसालच्या स्मरणिकेत आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाचे, वतनांचे आणि वंशावळींचे लेख येतात, आणि ते यावेत याविषयी आमचा मतभेद नाही. परंतु पूर्वज पराक्रमी होते म्हणजे ते दोन्ही वेळा पोटभर जेवत होतेच असे नव्हे. भुकेचा इतिहास वंशावळीत कोणी लिहीत नाही. यंदा तोच विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे, आणि त्यासाठी कारंजा (घाडगे) या आपल्या परिसरातील एका मुक्या प्राण्याचा आधार घेतला आहे. तो प्राणी म्हणजे गवळाऊ गाय. लोकांनी व लोकसेवी संस्थांनी दारिद्र्यावर केलेले उपाय कोठे फळास आले आणि कोठे वाया गेले, हे या गायीच्या मागोमाग चालत गेल्यास जितके स्पष्ट दिसते तितके अहवालांच्या ढिगातून दिसत नाही, असे आमचे मत आहे.

ज्ञातिबांधवांपैकी जे पुण्या-मुंबईस किंवा त्याहूनही दूर स्थायिक झाले त्यांच्या मुलाबाळांकरिता प्रथम गावाची ओळख सांगणे प्राप्त आहे. कारण कारंजा म्हटले की त्यांस वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) आठवते. आपले कारंजा नागपूर-अमरावती या हमरस्त्यावरचे. १८६२ साली नागपुरापासून वेगळा काढून वर्धा जिल्हा निर्माण करण्यात आला, तेव्हापासून पुष्कळ काळ हा मुलूख आर्वी तहशिलीत मोडत असे. दक्षिणेकडे हिंगणघाटाच्या बाजूस काळीभोर कपाशीची जमीन, तर इकडे गरमसूरचे डोंगर, बोरचे जंगल, मुरमाड उतार आणि गवत. जेथे कपाशी साधत नाही तेथे गुरे साधतात. या डोंगरकडेच्या गावांत नंदगवळी समाजाची वस्ती पूर्वापार आहे, आणि गवळ्यांच्या नावावरूनच या गायीस गवळाऊ हे नाव पडले.

गाय पांढरी किंवा राखी, अंगाने लांबट व सडपातळ. बैल चपळ. मराठ्यांच्या फौजा डोंगराळ मुलखातून झटपट सामान हलविण्यासाठी याच जातीचे बैल वापरीत, असे या जातीविषयी लिहिणारे सांगतात. दुधाच्या बाबतीत मात्र ही गाय फार उदार नाही. एका वेताचे दूध सरासरी सहाशे किलोच्या आसपास भरते. गुजरातची गीर किंवा परदेशची जर्सी हिच्यापुढे ही बिचारी दरिद्रीच म्हणावयाची. पण ती खाते काय, हेही पाहावयास नको काय? उन्हाळ्यात वाळके गवत, पावसाळ्यात डोंगराचा हिरवा चारा, आणि घरी आल्यावर मूठभर कुटार. खाण्यास विकत काही न आणता जे दूध मिळते ते निराळ्या हिशेबाने मोजले पाहिजे.

या गायीभोवती जुन्या गावाची एक व्यवस्था उभी होती. सकाळी गावची ढोरे आखरावर जमत. गायकी ती रानात नेई आणि त्याला त्याचे वेतन धान्याच्या रूपाने मिळे. शेतात ज्वारी असे. ज्वारीचे दाणे माणसाच्या भाकरीला, आणि कडबा जनावराच्या दावणीला. म्हणजे एकाच पेरणीतून दोन तोंडे भरत. डोंगरकडेच्या गावांतून ताजे दूध शहरास पोहोचणे शक्य नव्हते, म्हणून गवळी त्याचा खवा करीत, किंवा लोणी काढून तूप विकीत. आणि तूप विकले तरी ताक घरी राहत असे. ताक विकणे हे तर कमीपणाचे मानले जाई. शेजारची विधवा, शेतमजुराची पोरे, दारी आलेला वाटसरू, कोणीही तांब्या घेऊन यावे आणि ताक न्यावे. भाकरी आणि ताक, त्यात मिठाचा खडा, हे गरिबाचे पुरते जेवण होते. या रिवाजाला कोणी संस्था म्हटले नाही, त्याची नोंदणी झाली नाही, त्याचा हिशेबनीसही नव्हता. पण गाव चालवीत असलेली ती पोषणाची योजनाच होती. तीत जातीपातीच्या भिंती होत्या, हेही लिहिले पाहिजे. ज्याच्या हातचे कोणी पाणी घेत नसे, त्याच्या तांब्यात ताक वरून ओतले जाई.

ही व्यवस्था किती नाजूक होती ते दुष्काळांनी दाखविले. १८९६-९७ चा दुष्काळ कसाबसा सरतो तोच १८९९-१९०० चा आला. लोक त्यास छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, कारण तो संवत १९५६ मध्ये पडला. मध्यप्रांतात सरकारने दुष्काळी कामे काढली आणि शिजवलेले अन्न देणारी अन्नछत्रे गावोगाव उघडली. पुष्कळांचे प्राण त्यामुळे वाचले, हे मान्य केलेच पाहिजे. पण चाऱ्यावाचून गुरे मेली. छत्रे बंद झाली त्या दिवशी माणूस जिवंत होता आणि गोठा रिकामा होता. नांगर ओढावयास बैल नाही, पोरांच्या तोंडी दुधाचा थेंब नाही, आणि बैल घ्यावयाचा तर सावकाराचा उंबरठा. दुष्काळ एका वर्षाचा आणि त्याचे कर्ज एका पिढीचे, ते असे. छत्रातल्या अन्नाने त्या दिवसाची भूक भागली. पुढील वर्षाचे अन्न ज्या गोठ्यातून येणार होते त्याची चिंता छत्राने वाहिली नाही.

ही चिंता वाहण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न आपल्याच जिल्ह्यात झाला, ही अभिमानाची गोष्ट होय. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी आपली बाग व बंगला त्यासाठी दिला, त्याचे नाव मगनवाडी झाले, आणि जे. सी. कुमारप्पा यांनी संघाची धुरा वाहिली. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ, घरचे पीठ, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर तेथे प्रयोग सुरू झाले. गरिबाचे अन्न गिरणीत जाऊन निःसत्त्व होऊन परत येते, आणि ते सडण्या-दळण्याची मजुरीही गावाबाहेर जाते, असे कुमारप्पांचे म्हणणे होते. अन्न आणि रोजगार ही एकाच दोरीची दोन टोके आहेत हे त्यांनी हेरले. १९३६ साली गांधीजी शेगावास, म्हणजे पुढे सेवाग्राम झालेल्या खेड्यात, राहावयास गेले.

गाय या चळवळीत पुढे आली ती जमनालालजींमुळे. आयुष्याच्या अखेरीस, १९४१ मध्ये, त्यांनी गोसेवेचे कार्य अंगावर घेतले, वर्ध्याजवळ गोपुरीस झोपडी बांधून राहिले, आणि १९४२ च्या ११ फेब्रुवारीस त्यांचे देहावसान झाले. हातात अवघे काही महिने होते. गोसेवा संघाच्या सभासदांस दोन बंधने असत: दूध-तूप गायीचेच खावयाचे, आणि कातडे मेलेल्या जनावराचेच वापरावयाचे. हे वाचून आजच्या तरुणास हसू येईल; पण त्यामागील हिशेब व्यापाऱ्याचा होता, भाविकाचा नव्हे. बाजारात म्हशीच्या दाट दुधाने गायीचे गिऱ्हाईक पळविले होते. ज्या जनावराला गिऱ्हाईक नाही ते जनावर गरीब माणूस पोसू शकत नाही, मग कितीही पूजा केली तरी ते कसायाकडेच जाणार. म्हणून प्रथम गिऱ्हाईक निर्माण करावयाचे. मेलेल्या गुराच्या कातड्यालाही किंमत यावी म्हणून नालवाडीस चर्मालय चालविले गेले, आणि अस्पृश्य मानलेल्या त्या धंद्यात सवर्ण कार्यकर्त्यांनी हात घातले. आमच्या दृष्टीने गोरक्षणाच्या शंभर सभांहून हे एक काम मोठे.

याच प्रेरणेतून वर्धा शहरात गोरस भांडार उभे राहिले. आसपासच्या खेड्यांतील गोपालकांचे गायीचे दूध सहकारी पद्धतीने गोळा करावयाचे आणि शहरात विकावयाचे, हा त्याचा उद्योग. त्याचा गोरसपाक वर्ध्याबाहेरही नावाजला गेला. कपाशीचा पैसा वर्षातून एकदा येतो, आणि तो येण्यापूर्वीच त्याला सावकाराचे व दुकानदाराचे पाय फुटलेले असतात. दुधाचा पैसा आठवड्या-पंधरवड्याने येतो, थोडा येतो, आणि बहुधा घरच्या बाईच्या हाती येतो. पेरणीनंतर श्रावण-भाद्रपदात शेतकऱ्याच्या घरी जी टंचाई असते, तीत हा थोडा पैसा मोठा ठरतो. गुजरातेत खेडा जिल्ह्याच्या दूधसंघाने १९४६ पासून हेच तत्त्व विराट प्रमाणावर सिद्ध करून दाखविले. आपल्याकडे ते वर्ध्याच्या आसपास राहिले. कारंज्याच्या डोंगरकडेपर्यंत त्याचा हात फारसा पोहोचला नाही. १९१६ साली नव्हे, तर त्यानंतर शंभर वर्षांनी, २०१६ साली, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साहाय्याने विदर्भ-मराठवाड्यासाठी दूधसंकलनाचा मोठा प्रकल्प निघाला, यावरून विलंबाची कल्पना यावी.

येथे एक अडचणीचा प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दूध संकलन केंद्रावर गेले म्हणजे पैसा आला खरा. पण ताक गेले. तूप विकले असता ताक मागे राहत असे, दूध विकले असता मागे काहीच राहत नाही. गोपालकाच्या घरी पैसे खुळखुळले. ज्या शेजाऱ्याकडे गायच नाही त्याच्या तांब्यात पूर्वी जे फुकट पडत होते ते बंद झाले. सहकाराने सभासदाचे दारिद्र्य कमी केले यात शंका नाही, पण गावातल्या सर्वांत गरिबाचे पोषण त्याच मापाने वाढले असे आम्हांस म्हणवत नाही. दारिद्र्य आणि भूक ही जुळी भावंडे असली तरी एकच नव्हेत. रुपये मोजणाऱ्या अहवालात हे ताक कोठेच मांडलेले नसते.

दूध वाढवावयाचे म्हणून जात सुधारण्याचा मार्ग पुढे निघाला. गांधीजींनी उरुळीकांचनास ठेवलेल्या मणिभाई देसाईंनी १९६७ साली स्थापिलेल्या ‘बाएफ’ संस्थेने संकरित गायींचे काम दारोदार नेले. पाण्याच्या मुलखात त्याने पुष्कळ घरांची स्थिती पालटली, हे आम्ही मनापासून मान्य करतो. पण संकरित गाय हिरवा चारा, ढेप आणि सावली मागते. २००६ च्या जुलैत पंतप्रधानांनी विदर्भातील शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली; वर्धा त्यांत होता. या योजनेत अर्ध्या किमतीची सवलत देऊन जादा दुधाच्या गायी देण्यात आल्या. कोरडवाहू कास्तकाराच्या दावणीला ती गाय आली, आणि तिचा रोजचा खर्च त्याच्या रोजच्या मजुरीशी स्पर्धा करू लागला. वृत्तपत्रांतून तेव्हा त्याच्या कहाण्या आल्या. गाय देणाऱ्यांनी गाय पाहिली, गवत पाहिले नाही.

आणि गवतच तर आटत चालले होते. पूर्वी निस्ताराच्या हक्काने गावची गुरे रानात जात. बोरचे जंगल १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्रप्रकल्प. वाघ जगावा यात दुमत नाही. परंतु ज्या रानावर गवळ्याची गाय पिढ्यान्‌पिढ्या चरली तेथे तिला बंदी झाली तर ती विकण्यावाचून त्यास गत्यंतर काय? २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा सामूहिक हक्क मान्य झालेला आहे. तो कागदावरून रानापर्यंत नेण्यास ग्रामसभा जागी असावी लागते. दुसरीकडे शेतातली ज्वारी गेली आणि सोयाबीन आले. ज्वारीबरोबर कडबाही गेला. ई-वर्गाच्या जमिनींवर अतिक्रमणे झाली, त्यांत केवळ गरिबांचीच होती असे नव्हे.

याच्या उलट एक उदाहरण आर्वी तालुक्यातील काकडदऱ्याचे आहे. डोंगरातले लहानसे आदिवासी गाव. २०१७ साली पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेत ४५ दिवस श्रमदान करून त्याने राज्यात पहिला क्रमांक मिळविला. बक्षिसाची गोष्ट आम्ही गौण मानतो. महत्त्वाचे हे, की उतारावर चर खणले म्हणजे पाणी मुरते, आणि पाणी विहिरीत दिसण्याआधी गवतात दिसते. चर खणणाऱ्यांत ज्याला शेत नाही असाही माणूस असतो, आणि गवत उगवते ते सर्वांच्या डोंगरावर. ज्या कामाचे फळ सातबाऱ्याच्या उताऱ्याप्रमाणे वाटले जात नाही ते काम भूमिहीनापर्यंत पोहोचते.

आज धान्याचा प्रश्न पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य महिन्याला मिळण्याची तरतूद झाली, आणि छप्पन्नच्या दुष्काळासारखे मरण आता येत नाही. परंतु शिधापत्रिकेवर गहू-तांदूळ मिळतो, दूध मिळत नाही. पोट भरते आणि अंगी बळ येत नाही, अशी ही नवी भूक आहे.

कारंजा तालुक्यात हेटीकुंडी येथे शासनाने गवळाऊचे पैदास केंद्र ठेवले, ते योग्यच केले. वळू टिकला तर वंश टिकतो. पण वळूच्या वासराला चरावयास आखरापलीकडे रान लागते. आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीपुढे शिष्यवृत्तीचा व वसतिगृहाचा विषय दरवर्षी येतो. यंदा त्याबरोबर आपापल्या गावच्या ई-वर्ग जमिनीचा नकाशा तलाठ्याकडून काढून आणावा, आणि त्यावर आज गवत आहे, कुंपण आहे की कोणाची कपाशी, एवढे प्रत्येक सभासदाने लिहून पाठवावे, अशी आमची विनंती आहे.