मुका झालेला संगणक

२६ एप्रिल १९९९. वार सोमवार. दक्षिण कोरियात, तुर्कस्तानात, आपल्या भारतातही त्या दिवशी माणसे नेहमीप्रमाणे संगणकासमोर बसली. संगणक मध्येच गोठला म्हणून बंद करून पुन्हा सुरू केला, तर काहींचा पडदा काळाच राहिला. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण यंत्र काही बोलायला तयार नाही. एकट्या दक्षिण कोरियात लाखो संगणकांना त्या दिवशी फटका बसला.

हा प्रताप होता 'सीआयएच' नावाच्या विषाणूचा. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने तो १९९८ मध्ये लिहिला आणि नाव ठेवले स्वतःच्याच आद्याक्षरांचे! चेर्नोबिलची दुर्घटना १९८६ मध्ये याच तारखेला झाली होती, म्हणून लोक त्याला 'चेर्नोबिल' म्हणू लागले. विषाणूचा आकार जेमतेम एक किलोबाइट. विंडोज ९५ आणि ९८ च्या फाइलींत ज्या रिकाम्या जागा असतात, त्यांत तो तुकड्यातुकड्यांनी दडून बसे, त्यामुळे फाइल फुगतही नसे.

त्याचे घाव दोन. पहिला हार्ड डिस्कवर: सुरुवातीचा भाग शून्यांनी पुसून टाकायचा. दुसरा घाव खोलवरचा, मदरबोर्डवरच्या 'बायोस'वर. संगणक सुरू होताच पहिली आज्ञा याच छोट्या चिपमधून येते. ती बिघडली की यंत्राला डिस्क कुठे आहे हेही समजत नाही.

आता प्रश्न असा, की विषाणूला तिथवर पोचता आलेच कसे? १९८१ च्या आयबीएम पीसीत ही चिप कारखान्यातच लिहून येई. त्यात बदल अशक्य. पुढे काचेची खिडकी असलेल्या चिपा आल्या. त्या पुसायच्या तर काढून अतिनील प्रकाशाखाली ठेवाव्या लागत. मग तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी शोधलेली फ्लॅश स्मृती १९८४ मध्ये जगापुढे आली आणि नव्वदच्या दशकात ती मदरबोर्डवर पोचली. एका फ्लॉपीने घरबसल्या बायोस बदला! सोय मोठी झाली, पण दाराला कडी लावायची राहिली. लिहिण्याला मज्जाव करणारा जंपर काही बोर्डांवर होता. तो बहुधा कुणी हलवत नसे. इंटेलच्या ४३०टीएक्स संचाचे बोर्ड विशेष बळी पडले.

बायोस अर्धवट लिहिला गेला, तर वाचवण्यासाठी चिपमध्येच 'बूट ब्लॉक' नावाचा एक राखीव तुकडा असतो. तो शाबूत असेल तर फ्लॉपीवरून बायोस परत लिहिता येतो. पण सीआयएच तो तुकडाही बिघडवू शकत असे. मग काय करायचे? चिप विकणाऱ्याकडे नवी लिहून मागवायची, किंवा नवा बोर्ड घ्यायचा. काही जण मात्र तिसऱ्या वाटेने गेले, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला खरा चातुर्याचा भाग तोच.

संगणक सुरू झाला की बायोसची नक्कल मुख्य स्मृतीत घेतली जाते. त्यानंतर चिपकडे फारसे पाहिले जात नाही. म्हणून तशाच दुसऱ्या, धडधाकट संगणकात डॉस सुरू करायचे, आणि वीज चालू असतानाच त्याची चांगली चिप सॉकेटमधून अलगद उपटायची. तिच्या जागी मेलेली चिप बसवायची आणि बायोस लिहिणारा प्रोग्राम चालवायचा. चिपेवरची खाच उलट बसली किंवा स्क्रूड्रायव्हर भलत्या पिनेला टेकला, तर चिप जळते, कदाचित बोर्डही. म्हणून जाणते लोक चांगली चिप आधीच सैल करून बसवत, किंवा तिच्याखालून दोरा घालून ठेवत. उसना संगणक देणाऱ्या मित्राची छाती त्या दोन मिनिटांत किती धडधडत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

१९९९ मध्ये तैवानमध्ये कुणाची तक्रार नसल्याने चेनवर खटला उभा राहिला नाही. मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी मात्र धडा घेतला. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून दोन बायोस चिपांचे बोर्ड बाजारात आले. आजच्या बोर्डांवर ही चिप बहुतेक आठ पायांची आणि थेट डाख देऊन बसवलेली असते. ती उपटता येत नाही. दुरुस्ती करणारा तिच्यावर चिमटा लावतो आणि दुसऱ्या संगणकातून तिच्यात पुन्हा लिहितो.