तेरणेचा काठ आणि मातीची कला

'नदीकाठाचे सुशोभीकरण' हा शब्दप्रयोग अलीकडे शहरी मराठीत चांगलाच रुळला आहे. अहमदाबादेत साबरमतीचा बांधून काढलेला काठ २०१२ मध्ये लोकांसाठी खुला झाला, पुण्यात मुळा-मुठेच्या काठावरून वाद झडले. या चर्चेत कला येते ती बहुधा शेवटी, शिल्प वा भित्तिचित्र होऊन. काठ आधी तयार होतो, मग त्याला शोभा आणली जाते. हा क्रम मला पटत नाही, आणि न पटण्याचे कारण धाराशिव जिल्ह्यातील तेर हे आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक वृत्तांतात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर असल्याची नोंद आहे. तेथून कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जाई. हे तगर म्हणजे तेरणाकाठचे तेर, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. पुढील उत्खननांतून आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या संग्रहातून या नगराची कला समोर आली. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा उल्लेख नेहमी होतो, कारण तिच्या जातकुळीची मूर्ती पॉम्पेईत सापडली आहे. मला मात्र केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या पोकळ मूर्ती अधिक बोलक्या वाटतात. साचा आला की एकीच्या अनेक होतात. ही एकट्या धनिकासाठी घडवलेली कला नव्हे.

त्रिविक्रमाचे मंदिर याहून विलक्षण. मागची बाजू अर्धवर्तुळाकार, वर गजपृष्ठाकार छप्पर, बांधकाम विटांचे. मुळात हे बौद्ध चैत्यगृह असावे, हे हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ओळखले. आत आज विष्णू उभा आहे. पुढचा मंडप नंतरचा. उपासक बदलले, देव बदलला, वास्तू मात्र वापरात राहिली. ती वापरात राहिली म्हणूनच टिकली, असे मी म्हणेन. कोणी याला आक्रमण म्हणेल, कोणी समन्वय. मला दोन्ही शब्द घाईचे वाटतात.

आणि मग गोरोबाकाका. आपण वर्गात त्यांचे अभंग शिकवतो, निर्गुण-सगुणाची चर्चा करतो, चाकावरच्या मातीकडे मात्र सहसा वळत नाही. कुंभाराला माती हवी आणि पाणी हवे. नदीकाठ हे त्याचे कामाचे ठिकाण. संतमेळ्याची आख्यायिकाही त्याच कामातून निघते. मुक्ताबाईने थापटण्याविषयी विचारले, काकांनी ते एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले. भाजलेल्या भांड्याचा आवाज ओळखणारा कान इथे समीक्षकाचा कान झाला आहे. मराठी समीक्षेचा इतिहास लिहिताना हा प्रसंग कोणी आरंभी का घेत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. असो.

परंपरेनुसार गोरोबांनी शके १२३९ मध्ये, म्हणजे इसवी सन १३१७ मध्ये, चैत्र वद्य त्रयोदशीस देह ठेवला. समाधिमंदिर तेरणेच्या काठीच आहे. मराठवाड्यातल्या नद्यांना चैत्रात पाणी जेमतेमच असते, तरी यात्रेला दिंड्या येतात ते याच काठावर.