क्रिस्तपुराणाचे श्रोते : साष्टींतील प्रौढांच्या धर्मशिक्षणाचा एक प्रयत्न

फादर थॉमस स्टीफन्सकृत क्रिस्तपुराणाविषयीं मराठींत आजवर जें लिहिलें गेलें, तें बहुतांशीं त्याच्या भाषेविषयीं आहे. मराठीची स्तुति करणाऱ्या त्यांतील ओव्या शालेय पुस्तकांत शिरल्या, मुलांनीं त्या पाठ केल्या, आणि अकरा हजारांच्या घरांतील हा ग्रंथ त्या चारपांच ओव्यांपुरताच लोकांच्या स्मरणांत उरला. तो कोणासाठीं रचिला, कोठें व कोणापुढें वाचला जात असे, हा प्रश्न मागें पडला. पोथ्या जमविणारांनीं मात्र हाच प्रश्न आधीं विचारावयास पाहिजे. कारण या ग्रंथाच्या प्रती कशा टिकल्या व कशा नाहींशा झाल्या, याचें उत्तर बरेंचसें त्याच्या श्रोत्यांपाशीं आहे.

स्टीफन्स हा इंग्लंडांत १५४९ च्या सुमारास जन्मला. जेझुइट संघांत शिरून तो १५७९ च्या आक्टोबरांत गोव्यास उतरला, आणि १६१९ मध्यें मरेपर्यंत, म्हणजे सुमारें चाळीस वर्षें, मुख्यतः साष्टी महालांत राहिला. साष्टीची त्या वेळची स्थिति लक्षांत घेतल्यावांचून पुढील विवेचन समजणार नाहीं. हा महाल १५४३ मध्यें पोर्तुगीजांकडे गेला. १५६७ मध्यें रायतूरचा कप्तान दियोगु रॉद्रिगिश यानें तेथील सुमारें २८० देवळें पाडिलीं. १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें रुदोल्फ आक्वाविवा व त्याचे चार धर्मबंधु ग्रामस्थांच्या हातून मारले गेले, आणि त्यांचीं प्रेतें मिळवून आणण्याचें काम स्टीफन्सच्या वांट्यास आलें. ज्या लोकांस शिकवावयाचें ते असे होते : कित्येक बळानें वा भयानें, कित्येक लाभाकडे पाहून व कांहीं श्रद्धेनें बाप्तिस्मा घेतलेले, आणि ज्यांच्या कानांत लहानपणीं ऐकलेलीं पुराणें अद्यापि घुमत होतीं असे.

मुलांच्या शिक्षणाची वाट ठरलेली होती. देवळांत मुलें जमवावीं, खूण, प्रार्थना, आज्ञा त्यांच्याकडून म्हणवून घ्याव्या, आणि प्रश्नोत्तरांची 'दौत्रीन' पाठ करवावी. १५५७ मध्येंच गोव्याच्या छापखान्यांतून अशी एक पोर्तुगीज दौत्रीन निघाली होती. तो छापखाना आदल्याच वर्षीं आला होता. स्टीफन्सनें स्वतः कोंकणींत जी दौत्रीन रचिली, ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्यें रायतूर येथें छापली गेली. मार्कुश जोर्ज याच्या प्रसिद्ध पोर्तुगीज पुस्तकाच्या धर्तीवर ती आहे. गुरूनें विचारावें, शिष्यानें नेमलेलें उत्तर द्यावें, ही तिची रीति. दहा वर्षांच्या मुलास ही रीति मानवते. पन्नाशीच्या गृहस्थास ती कशी मानवावी?

पुराणाच्या आरंभीं स्टीफन्सनें याच प्रश्नाला तोंड फोडिलें आहे. रविवारीं देवळांत दौत्रीन चालली असतां एक ब्राह्मण ख्रिस्ती पुढें येतो व पाद्री-गुरूस नम्रपणें सांगतो कीं, ही शिकवण उत्तम आहे, परंतु आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं वर्जिलीं, तर त्यांच्या ठिकाणीं आम्हांस ऐकावयास दुसरें पुराण कां देत नाहीं? गुरूस तें म्हणणें पटतें, आणि तेथून कथेस आरंभ होतो. हा प्रसंग प्रत्यक्ष घडला किंवा कवीनें योजिला, याचा निर्णय करण्याची आवश्यकता नाहीं. मागणी खरी होती, एवढें पुरे. पुराणश्रवणाची संवय असलेल्या मनुष्याच्या आयुष्यांतून ती संवय काढून घेतली म्हणजे जी पोकळी राहते ती दौत्रिनीच्या उत्तरांनीं भरत नाहीं, हें या परकी माणसानें ओळखिलें आणि तें एका श्रोत्याच्या तोंडून ग्रंथांत नोंदवून ठेविलें.

येथें संस्कृत पुराणांच्या रचनेचें स्मरण अवश्य होतें. परीक्षिति विचारतो व शुक सांगतो. जनमेजय विचारतो व वैशंपायन सांगतो. शौनकादि ऋषि विचारतात व सूत सांगतो. पुराणांत प्रश्नाचा अधिकार श्रोत्याकडे असतो. दौत्रिनींत तो गुरूकडे आहे. स्टीफन्सनें प्रौढांकरितां जें पुराण रचिलें त्यांत हा क्रम उलटला आहे. वयानें व बुद्धीनें वाढलेला मनुष्य विचारतो, आणि पाद्री उत्तर देण्यास बांधला जातो. आमच्या मतें या ग्रंथाला 'पुराण' हें नांव शोभण्याचें कारण ओवीछंदाहून हेंच अधिक आहे. ओवी तर कोणालाहि उचलतां आली असती. पुढें ती अनेकांनीं उचललीहि.

भाषेची योजना पाहिली म्हणजे हाच विचार अधिक स्पष्ट होतो. दौत्रीन कोंकणींत आहे, म्हणजे घरांत बोलल्या जाणाऱ्या भाषेंत. कोंकणीचें व्याकरणहि त्यानें लिहिलें, तें १६४० मध्यें छापून निघालें. पुराण मात्र मराठींत आहे, कारण गोमंतकांत पुराण ऐकावयाचें तें मराठींत, अशीच पूर्वापार रूढि होती. एकनाथमहाराज स्टीफन्स गोव्यांत आल्यावर वीस वर्षें हयात होते, हें ध्यानांत ठेवावें. मराठी ओवी त्या काळीं ऐन भरांत होती. तथापि गद्य प्रस्तावनेंत स्टीफन्स सांगतो कीं, शुद्ध मराठी मध्यम प्रतीच्या लोकांस कळत नाहीं, म्हणून जुन्या कवींचे कठिण शब्द टाकून त्यांत ब्राह्मणांच्या बोलीचे सोपे शब्द मिसळले आहेत. कित्येक पंडितांनीं या मिश्रणास भाषेचा दोष म्हटलें आहे. आम्हांस तें शिक्षकाचें शहाणपण वाटतें. छंद मानाचा, शब्द ओळखीचे. एवढ्यानें श्रोता बसून राहतो.

ग्रंथ १६१६ मध्यें रायतूर येथें छापला गेला. पहिल्या पुराणांत ३६ अवस्वर असून जगदुत्पत्तीपासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा आहे. दुसऱ्यांत ५९ अवस्वर असून त्यांत ख्रिस्तचरित्र आहे. मुद्रण रोमन लिपींत झालें. स्टीफन्सची इच्छा निराळी होती. १६०८ च्या डिसेंबरांत आपल्या संघाच्या मुख्यास लिहिलेल्या पत्रांत, या देशच्या लिपींत ग्रंथ छापण्याची परवानगी व साधनें मिळावीं, अशी विनंति त्यानें केली आहे. अडचणहि त्यानेंच सांगितली आहे : युरोपांत चोवीस अक्षरांनीं भागतें, येथें अक्षरें जोडाक्षरांसह असल्यामुळें सहाशेंच्या जवळपास सांचे लागतील. तें साधलें नाहीं, आणि आठ वर्षांनीं मराठी ओवी रोमन अक्षरांत निघाली.

आतां ज्यांच्याकरितां हा ग्रंथ, त्या साष्टीच्या प्रौढ गृहस्थास ती रोमन अक्षरें वाचतां येत होतीं काय? ज्यास लेखन येत होतें त्याचा हात कंदवी किंवा बाळबोध लिपीवर बसलेला. रोमन वाचणारे म्हणजे स्वतः पाद्री आणि देवळाच्या शाळेंत शिकलेलीं मुलें. यावरून आमचा तर्क असा कीं, छापील प्रत ही वाचकासाठीं नसून पुराणिकासाठीं होती. रविवारीं व सणावारीं देवळांत कोणी तरी ती मोठ्यानें वाचावी व बाकीच्यांनीं ऐकावी. पोथी एक, कान शंभर, हा आपल्याकडील जुनाच व्यवहार. म्हणून लिपीचा अडसर असूनहि ग्रंथ अडला नाहीं, आणि १६४९ व १६५४ मध्यें त्याचीं पुन्हां मुद्रणें झालीं.

या तिन्ही मुद्रणांची एकहि प्रत आज ज्ञात नाहीं. हस्तलिखितें मात्र आहेत. ऐकण्याच्या ग्रंथाचें असेंच होतें. छापील प्रत हाताळून झिजते, आणि ज्याला तो हवा असतो तो नक्कल करून घेतो.

स्टीफन्सच्या मागून इतरांनींहि ही वाट चोखाळिली. एत्येन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटानें संत पीटराच्या चरित्रावर असाच विस्तृत ओवीबद्ध ग्रंथ लिहिला. तो १६२९ मध्यें गोव्यांत छापला गेला. पुढें गद्याकडे कल झाला. मिगेल द आल्मैद याचा १६५८ पासून निघालेला प्रवचनसंग्रह कोंकणी गद्यांत आहे. त्यांत श्रोत्याचा प्रश्न संपून उपदेशकाचाच आवाज उरतो. १६८४ मध्यें व्हाइसरॉय कोंद द आल्वोर यानें आज्ञा काढिली कीं, तीन वर्षांत लोकांनीं देशभाषा सोडून पोर्तुगीज भाषेंत व्यवहार करावा. जी भाषा श्रोत्यासाठीं स्टीफन्सनें चाळीस वर्षें कमावली, तीच आतां दोष ठरली. १७५९ मध्यें जेझुइट संघच पोर्तुगीज मुलखांतून हांकलला गेला. तरीहि पुराण जगलें, तें घरोघरच्या वाचनामुळें. गोव्यांतून कानडा मुलखांत गेलेल्या कुटुंबांनीं तें बरोबर नेलें. टिपूनें १७८४ मध्यें ज्यांस श्रीरंगपट्टणास नेऊन १७९९ पर्यंत अडकविलें, त्या ख्रिस्ती कुटुंबांस बंदिवासांत या पुराणाचा आधार झाला, अशी मंगळूरकडे परंपरा आहे. त्याच मंगळुरास जोसेफ साल्दाञा यांनीं हस्तलिखितें जुळवून १९०७ मध्यें रोमन लिपींत तें छापिलें. देवनागरींत तें शांताराम बंडेलू यांनीं १९५६ मध्यें आणिलें.

एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ज्यांनीं पुराणें वर्जिलीं त्यांनींच तीं जपलींहि. दिवाडी बेटावरील एका ब्राह्मणाच्या घरांतून पोथ्या पळवून आणून पाद्र्यांनीं त्यांचीं भाषांतरें करविलीं, असें १५५९ च्या सुमाराच्या त्यांच्याच पत्रव्यवहारावरून दिसतें. पोर्तुगालांत ब्रागा येथील ७७१ व ७७२ क्रमांकांच्या संग्रहांत रामायण-महाभारताच्या कथा कोंकणी गद्यांत व मराठी पद्यांत, रोमन लिपींत उतरवून ठेवलेल्या आहेत. खंडनासाठीं केलेला अभ्यास खरा. पण मूळ पोथ्या गेल्या आणि या नकला राहिल्या. गोमंतकाच्या जुन्या वाङ्मयाचा पुरावा शोधणारास आज तेथेंच जावें लागतें. याबद्दल कृतज्ञ व्हावें कीं संतापावें, हें ज्यानें त्यानें ठरवावें. आमचीं दोन्ही होतात.

संशोधकांपुढील खरा वाद क्रिस्तपुराणाच्या देवनागरी प्रतीचा आहे. विल्यम मार्सडेन या इंग्रजानें जमविलेला संग्रह १८३५ मध्यें लंडनच्या किंग्ज कॉलेजास मिळाला व पुढें तेथील पौर्वात्य विद्यालयांत गेला. त्यांत या पुराणाची देवनागरी पोथी आहे, हें जस्टिन ॲबट यांनीं १९२३ मध्यें प्रसिद्ध केलें. रोमन पाठांत जेथें पोर्तुगीज धर्मशब्द आहेत तेथें या पोथींत पुष्कळदां संस्कृत शब्द आढळतात. ॲबट यांनीं हाच मूळ पाठ मानिला. इतर कित्येक हा मागाहूनचा संस्कार मानितात. संस्कृत शब्द आहे म्हणून तो जुना, हें प्रमाण पुरेसें नाहीं. सफाई करणारा लेखकहि संस्कृतच घालील. उलट, परकी शब्द परीक्षकांच्या सोईसाठीं मुद्रणाच्या वेळीं घातले गेले असणेंहि अशक्य नाहीं. निर्णयाचें साधन ओवींतच आहे. ओवीच्या पहिल्या तीन चरणांस यमक असतें. जेथें वादग्रस्त शब्द यमकाच्या जागीं पडला असेल तेथें दोन्ही पाठ शेजारीं मांडून पाहावे. ज्या पाठांत यमक मोडतें तो तेवढ्या ठिकाणीं तरी उसना. हें काम कंटाळवाणें आहे व ओवी-ओवीनेंच व्हावयाचें आहे. त्याला विद्वत्तेपेक्षां चिकाटी अधिक लागेल.

आणखी प्रती मिळाल्या तर हें काम सोपें होईल. साष्टी, बारदेश, मंगळूर येथील जुन्या घरांतून पोथी विचारतांना एक सावधगिरी ठेवावी. घरचीं माणसें बहुधा 'मराठी पोथी नाहीं' असें सांगतात, आणि तें प्रामाणिकपणें सांगतात. कारण रोमन अक्षरांतील कागद पोर्तुगीज असावे असें समजून ते जमिनींच्या दस्तऐवजांत वा जुन्या प्रार्थनापुस्तकांत बांधलेले असतात. अशीं दप्तरें मागून घ्यावीं, त्यांतील चार ओळी मोठ्यानें वाचाव्या; तीन चरण यमकांत जुळून चौथा तुटला, तर गांठोडें परत बांधूं नये. पहिलीं व शेवटचीं पानें गेलेलीं असलीं तरी मधल्या पानांचें महत्त्व कमी होत नाहीं. समासांतील खुणा, वाचनाच्या दिवसांचे उल्लेख, मेणाचे डाग हेंहि जसेंच्या तसें टिपून घ्यावें; पोथी कोणी, कधीं, कोणत्या उजेडांत वाचली, हें त्यांवरूनच कळावयाचें आहे.